दलाली की मेहनताना?

व्यापारी घराण्यांतील लेकी-सुना आता घरच्या पेढीला हातभार लावण्यावर न थांबता स्वतःची स्वतंत्र पेढी मांडू लागल्या आहेत. त्यांत गृहसजावटीचा, म्हणजे इंटिरिअर डिझाइनचा व्यवसाय विशेष दिसतो. कारणे उघड आहेत. दुकानाचा गाळा लागत नाही, माल साठवावा लागत नाही, नोकरवर्ग ठेवावा लागत नाही. घरातील एक खोली, संगणक, मोजपट्टी आणि शिक्षण एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. तथापि भांडवल कमी लागते म्हणजे नफा आपोआप होतो, असे नव्हे. पुष्कळदा वर्षभर धावपळ चालते, एकामागून एक घरे सजतात, लोक नावाजतात. आणि मार्चअखेरीस हिशेब मांडला असता हाती फारसे काही उरलेले नसते. मग घरातील वडीलधारी मंडळी समजुतीच्या सुरात म्हणतात, "असू दे, बेटा, तेवढाच विरंगुळा." शिकून-सवरून उभारलेल्या व्यवसायाला विरंगुळा म्हटले जाणे, हेच खरे नुकसान होय.

असे का होते? बहुधा विकायची वस्तू कोणती, हेच ठरलेले नसते म्हणून.

विकायचे काय?

किराणा, कापड, सोने-चांदी यांच्या व्यापारात वाढलेल्या घराला नफा म्हणजे खरेदी आणि विक्री यांतील फरक, एवढेच ठाऊक असते. तीच सवय या नव्या व्यवसायात शिरते. डिझाइनचे शुल्क नाममात्र सांगायचे आणि प्लायवूड, टाइल्स, दिवे, नळ यांच्या दुकानदारांकडून येणाऱ्या दलालीवर भागवायचे, असा मार्ग सोपा वाटतो. समजा, एका घरासाठी 10 लाख रुपयांचे साहित्य लागले आणि दुकानदाराने 10 टक्के दिले, तर 1 लाख रुपये सहज हाती येतात. ग्राहकाला मात्र वाटते, "ताईंनी किती स्वस्तात काम केले!"

ही मिळकत नफ्यासारखी दिसते, पण तिची किंमत मोठी असते. पहिली गोष्ट, तो 1 लाख दुकानदार स्वतःच्या खिशातून देत नाही. तो ग्राहकाच्याच बिलात मिसळलेला असतो. दुसरी गोष्ट, ज्याच्याकडून दलाली घेतली त्याचा माल निकृष्ट निघाला तर तो परत पाठवण्याची जीभ उचलत नाही. साहित्य जितके महाग तितकी दलाली अधिक, म्हणून सल्ल्याचा काटाही नकळत महागाकडे झुकतो. डॉक्टरी व्यवसायातील कट प्रॅक्टिसला समाज नावे ठेवतो. गृहसजावटीतील हा प्रकार त्याहून वेगळा नाही.

येथे कायद्याची दृष्टीही पाहण्यासारखी आहे. 1961 च्या आयकर कायद्याने वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म यांच्या पंक्तीत गृहसजावटीला नाव घेऊन बसवले. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा माल विकण्याचा धंदा नसून ज्ञान आणि निर्णयशक्ती देण्याचा पेशा आहे. ज्ञानाचे मोल उघडपणे मागावे लागते. त्याचे नाव दलाली नव्हे, मेहनताना.

तासाचा भाव

मेहनताना किती मागावा, याचे उत्तर शेजारची डिझाइनर काय घेते यात नसून स्वतःच्या वहीत असते. एक उदाहरण घेऊ. एका डिझाइनरला घरखर्चासाठी दरमहा 60,000 रुपये, म्हणजे वर्षाला 7,20,000 हवेत. प्रवास, सॉफ्टवेअर, दूरध्वनी, छपाई, लेखापालाचे शुल्क असा व्यवसायाचा खर्च दरमहा 25,000, म्हणजे वर्षाला 3,00,000. कर आणि गंगाजळी यांसाठी 1,80,000. एकूण गरज 12 लाखांची झाली.

आता वेळेचा हिशेब. वर्षात 240 दिवस, दररोज 7 तास काम केले तर 1,680 तास होतात. परंतु नवे ग्राहक गाठणे, बिले करणे, बाजार पाहणे यांचे पैसे कोणी देत नाही. ही कामे वजा जाता सुमारे 1,000 तासच विकता येतात. 12 लाखांना 1,000 ने भागले की तासाचा भाव 1,200 रुपये येतो. तीन खोल्यांच्या एका घराला मोजमापापासून किल्ली हाती देईपर्यंत 160 तास लागत असतील, तर त्याचा मेहनताना 1,92,000 रुपये. वर्षात अशी सहा घरे आणि 40 तासांचा फुटकळ सल्ला, एवढ्यात 12 लाख पूर्ण होतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. एकट्या व्यक्तीला वर्षात सहा घरे पुरतात. सातवे, आठवे घर केवळ नाही म्हणवत नाही म्हणून घेतले, तर पहिल्या सहांचे वेळापत्रक कोलमडते. परिग्रहपरिमाण हे व्रत संपत्तीची मर्यादा घालून घ्यायला सांगते. एकहाती पेढीत कामाच्या संख्येलाही तशीच मर्यादा हवी.

कागदावरची हद्द

मेहनताना ठरला तरी तो टिकवावा लागतो. "ताई, हे एवढे कपाट जरा डावीकडे घ्या ना," असे ग्राहक सहज म्हणतो. एका बदलाने काही बिघडत नाही. पण असे वीस बदल होतात आणि 160 तासांचे काम 240 तासांवर जाते. मेहनताना तोच, पण तासाचा भाव 1,200 वरून 800 वर घसरला. एकतृतीयांश मिळकत कोणी चोरली नाही, मागितली नाही. ती केवळ संकोचापोटी वाहून गेली.

म्हणून काम सुरू होण्याआधी साध्या मराठीत दोन पानांचा करार असावा. किती खोल्या, नकाशात किती वेळा फेरबदल, जागेवर किती भेटी, त्यापुढील प्रत्येक तासाचा दर काय, हे त्यात लिहावे. पैशांचे हप्तेही कामाशी जोडावेत: करारावर सही होताना 30 टक्के, नकाशे मंजूर होताना 30, सुतारकाम निम्मे झाल्यावर 30 आणि किल्ली देताना 10. शेवटचा हप्ता लहान ठेवला की किरकोळ कुरबुरीत मोठी रक्कम अडकत नाही.

ग्राहक दुकानदार किंवा कारखानदार असेल, तर दुसरेही संरक्षण आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करावेत, असे 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. आपल्या शोरूमची सजावट करून घेऊन बिल महिनोन्‌महिने टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या व्यापारी बंधूंनीही हे ध्यानात घ्यावे.

आपल्या माणसांचे काम

सर्वांत अवघड ग्राहक नात्यातला. मामेसासऱ्यांचे घर, नणंदेचे स्वयंपाकघर, समाजातील वडीलधाऱ्यांचा नवा फ्लॅट. तेथे पैशांचा विषय काढणे अप्रशस्त वाटते आणि न काढणे परवडत नाही. पुढे काम लांबले की दोन्हीकडे मनात अढी बसते, आणि ती लग्नकार्यात दिसू लागते.

यावर उपाय एकच. नात्यातील कामाचेही पूर्ण दरपत्रक द्यावे आणि त्यातच सवलत वेगळी दाखवावी. मेहनताना 1,92,000, सवलत 40,000, देय 1,52,000, असे स्वच्छ लिहिले की देणाऱ्याला आपण काय दिले आणि घेणाऱ्याला आपल्याला काय मिळाले, ते समजते. एखादे काम पूर्ण विनामूल्य करायचे असेल, तर वर्षारंभीच तसे ठरवावे. ते दान ठरते. न ठरवता झालेले फुकट काम हे दान नसते, ती गळती असते. सुनेचे दरपत्रक आधी सासऱ्यांनीच नातेवाइकांपुढे आदराने ठेवले, तर तिचा निम्मा संकोच तेथेच संपतो.

दोन खाती

ग्राहकाने साहित्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम आणि मेहनताना एकाच बचत खात्यात पडले की फसगत सुरू होते. खात्यात 5 लाख दिसतात, पण त्यांतील 4 लाख सुताराचे आणि दुकानदाराचे असतात. एका घराचे पैसे दुसऱ्या घरात फिरू लागले की एक काम थांबताच सारी साखळी तुटते. उत्तम मार्ग हा, की साहित्याचे पैसे ग्राहकाने दुकानदाराला थेट द्यावेत आणि बिलही ग्राहकाच्याच नावे व्हावे. तसे जमत नसेल, तर निदान वेगळे खाते असावे.

याला कराचीही बाजू आहे. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि डिझाइनच्या सेवेवर 18 टक्के दर आहे. केवळ मेहनताना घेणारीची उलाढाल वरील उदाहरणात 12 लाख होते. तिनेच सहा घरांचे प्रत्येकी 10 लाखांचे साहित्य स्वतःच्या नावे खरेदी करून विकले, तर तीच उलाढाल 72 लाखांवर पोहोचते. कागद वाढतात, जोखीम वाढते. आयकरात 50 लाखांपर्यंतच्या, आणि रोखीचा वाटा 5 टक्क्यांहून अधिक नसल्यास 75 लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मे उत्पन्न धरण्याची सोय आहे. प्रत्यक्ष उत्पन्न अधिक असल्यास ते अधिकच दाखवावे. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून आपल्या लेखापालांना एकदा विचारून घ्यावे.

व्यवसायाची आवकही बारा महिने सारखी नसते. पावसाळ्यात दमट हवेमुळे पॉलिशचे काम लांबते आणि चातुर्मासात अनेक घरांत गृहप्रवेश होत नाहीत. वरील उदाहरणात घरखर्च आणि व्यवसायाचा खर्च मिळून दरमहा 85,000 होतात. सहा महिन्यांचे 5,10,000 रुपये मुदतठेवीत असले, की मंदीच्या काळात नको ते काम पडत्या भावात घ्यावे लागत नाही.

व्रताची कसोटी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मापात कमी-अधिक करणे, चांगल्याच्या जागी तसाच दिसणारा हलका माल देणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे हे तीन येतात. गृहसजावटीत हे तिन्ही रोज समोर उभे राहतात. करारात 19 मिलिमीटरचे प्लायवूड आणि जागेवर 16 चे. दरपत्रकात आयएस 710 चे मरीन प्लाय आणि ओट्याखाली साधेच. वरून लॅमिनेट चढले की डोळ्यांना फरक कळत नाही. तो कळतो दोन पावसाळ्यांनंतर, फळी फुगल्यावर. तिसरा मोह बिलाविना रोखीचा.

ज्या डिझाइनरची मिळकत उघड मेहनतान्यातून येते, तिला यांतील कोणत्याही मोहाची गरजच उरत नाही. प्लायवूडवरचा शिक्का ती स्वतः तपासते, कारण दुकानदाराची ती मिंधी नसते. सोफ्याला चामडे नको, पडद्याला रेशीम नको, पाणी गाळण्या-उकळण्याला ओट्यावर वेगळी जागा हवी, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी जेवणाचे टेबल पश्चिमेच्या उजेडात हवे, हे जैन घराचे बारकावे तिला मुळातच ठाऊक असतात. हे ज्ञानही मोलाचे आहे आणि त्याचे मोल मागण्यात संकोच नसावा.

दिवाळीत वीर निर्वाण संवताचा नवा आकडा वहीवर लिहिला जातो. या वर्षी दुकानाच्या वहीशेजारी घरातील लेकीची किंवा सुनेची वहीही पूजेला ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर दोनच आकडे असावेत: तासाचा भाव आणि वर्षातील कामांची मर्यादा.