नारळ, माफी आणि चार चव्वेचाळीस

आमच्या बाबांनी आईची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते विळी घेऊन बसायचे आणि कोणी न सांगता एक नारळ खवून द्यायचे. एरवी पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागणारा माणूस, पण त्या दिवशी खोबऱ्याचा ढीग ताटलीत घालून ओट्यावर ठेवायचा आणि पेपर वाचायला निघून जायचा. आम्ही भावंडांनी काय ते समजायचं. दुपारी पानात चटणी आली की प्रकरण मिटलं. शब्द मात्र कुणीच उच्चारायचं नाही.

हा नारळ आठवायला निमित्त झालं एका अमेरिकन रॅपरचं. काही वर्षांपूर्वी लेकीने माझ्या कानात हेडफोन कोंबले आणि म्हणाली, "बाबा, हे ऐक. एक नवरा बायकोला सॉरी म्हणतोय. रॅपमध्ये." रॅपबद्दलचं माझं ज्ञान तोवर वरातीपुरतं होतं. 'मुंडियाँ तो बच के' लागलं की आमच्याकडचे काकासुद्धा खांदे उडवतात. लेकीने सांगितलं की पंजाबी एमसीच्या त्याच गाण्याची २००३ मध्ये एक आवृत्ती आली, तिच्यात मधे मधे जो रॅप करतो, तो हाच. जे-झी.

खरं नाव शॉन कार्टर. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी चाळवजा वसाहतीत वाढलेला. अकरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. पुढे गल्लीत अमली पदार्थ विकले, मग गाणी विकली. पहिला अल्बम १९९६ मध्ये आला आणि वीस वर्षांत तो रॅपमधला सर्वांत यशस्वी धंदेवाईक माणूस झाला. या गाण्यांची रीत अशी की मी किती मोठा, किती श्रीमंत, मला कोणाचीच गरज नाही, हे छाती ठोकून सांगायचं. बाईपुढे मन उघडं करणं म्हणजे तर कमीपणाच. 'बिग पिंपिन' हे त्याचं गाजलेलं गाणं त्याच मिजाशीचं. त्यातल्या शब्दांची आपल्याला लाज वाटते, असं त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

अशा माणसाचा ४७ व्या वर्षी, ३० जून २०१७ ला तेरावा स्टुडिओ अल्बम आला. नाव '४:४४'. पहाटे बरोबर चार चव्वेचाळीसला जाग आली आणि उठून हे शीर्षकगीत लिहिलं, असं त्याने सांगितलं. जेमतेम छत्तीस मिनिटांची दहा गाणी. पहिल्याच गाण्यात त्याने 'जे-झी' नावाच्या त्या मिजासखोर माणसाला ठार मारलंय, म्हणजे स्वतःलाच. लहानपणी सख्ख्या भावावर झाडलेली गोळीही तिथे येते. आणि शीर्षकगीतात सरळ सरळ बायकोची माफी. मी फसवलं, मला प्रेम करायला उशिरा समजलं, आणि उद्या माझ्या मुलांना हे कळेल तेव्हा त्यांच्या तोंडाकडे मी कसा बघू? हेडफोन काढून मी लेकीकडे बघितलं आणि ती माझ्याकडे. मग दोघांनीही नजर वळवली.

संगीताची बाजूही तितकीच विचारपूर्वक आहे. अख्खा अल्बम नो आय.डी. या एकाच निर्मात्याने बांधलाय. जुन्या सोल गाण्यांचे तुकडे घेऊन त्यावर हा माणूस जवळजवळ बोलल्यासारखा गातो. माफीच्या गाण्याखाली हॅना विल्यम्स या ब्रिटिश गायिकेचा कळवळणारा आवाज घुमत राहतो. नवरा बोलतोय आणि मागून बाईचा आवाज त्याला गप्प बसू देत नाही. मला तर ते पहाटेच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजासारखं वाटलं. दुसऱ्या एका गाण्यात तो आपल्या आईचं, ग्लोरिया कार्टरचं, आयुष्यभर झाकून ठेवलेलं गुपित सांगतो. तिचं प्रेम एका बाईवर आहे, आणि आता तिने लपायची गरज नाही. गाण्याच्या शेवटी आई स्वतः येऊन कविता वाचते. आपल्याकडचा कुठला मुलगा आईला असा माइक देईल, याचा विचार मी पुढचे दोन दिवस करत होतो.

सगळंच मन हळवं करणारं नाही बरं. एका गाण्यात तो हळहळतो की ब्रुकलिनमधल्या डंबो भागातली इमारत स्वस्त होती तेव्हा घेतली नाही. हे ऐकून मी मोठ्याने हसलो. कोथरूडला कोणी कुत्रं फिरकत नव्हतं तेव्हा प्लॉट मिळत होता, हे पालुपद नसलेलं मध्यमवर्गीय कुटुंब पुण्यात सापडायचं नाही. पैसा साठवा, मालमत्ता करा, पोरांना ठेवा, हा त्याचा उपदेश. अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या तोंडी त्याला निराळं वजन येतं, कारण तिथे पिढ्यान् पिढ्या त्यांच्यासाठी घर घेणं अवघड करून ठेवलं गेलं. त्याच गाण्यात ज्यूंच्या मालमत्तेविषयी एक सरधोपट वाक्य आहे. त्यावर ज्यूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगने नापसंती नोंदवली, आणि ते योग्यच झालं.

पण या माफीची गोष्ट जे-झीपासून सुरू होत नाही. चौदा महिने आधी, एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या बायकोचा, बियॉन्सेचा 'लेमोनेड' हा अल्बम आला होता. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचा संशय, संताप, आणि शेवटी सावरणं, असा सगळा प्रवास त्यात होता. बाई आधी बोलली. पुरुष नंतर.

इथे मी माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघितलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिथे आहेत. नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा संताप, त्यांचं न सांगता घर सोडून जाणं, हे सारं त्या हसत हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. मल्लिका अमर शेख यांचं १९८४ चं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आहे, त्यात हसू नाही, होरपळ आहे. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आहे. ते १९९० मध्ये आलं तेव्हा अख्खं मराठी घर ढवळून निघालं, कारण नवरा साऱ्या महाराष्ट्राचा लाडका होता. बायकांनी आपापला 'लेमोनेड' मराठीत केव्हाच लिहून ठेवलाय. 'हो, ती म्हणते तसंच झालं, माझं चुकलं,' असं म्हणणारं नवऱ्याचं पुस्तक मात्र माझ्या कपाटात नाही. त्या बाजूचा कप्पा रिकामा आहे. आमच्या पुरुषांनी बहुधा नारळ खवले असतील.

मी हे सगळं बायकोला उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "लोक काय म्हणाले दोघांना?" मी वाचलेलं सांगितलं. तिचा अल्बम आल्यावर लोक भारावलेही होते, पण गाण्यातल्या एका नावावरून 'ती दुसरी बाई कोण' याचा शोधही सुरू झाला. जिच्यावर संशय गेला तिच्या नावाशी साधर्म्य असल्यामुळे टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या एका भलत्याच बाईला शिव्या खाव्या लागल्या. त्याचा अल्बम आल्यावर समीक्षकांनी लिहिलं, रॅप वयात आला. "बघ," ती म्हणाली, "चूक त्याची. तिने सांगितली तर भानगड, त्याने सांगितली तर परिपक्वता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय माफीचा हिशोबही चोख होता. अल्बम आधी फक्त टायडल या तेव्हा जे-झीच्याच असलेल्या सेवेवर आला. स्प्रिंट या मोबाइल कंपनीने त्यात भागीदारी घेतली होती आणि तिच्या ग्राहकांना तो फुकट मिळाला. आठवड्याच्या आत त्याला प्लॅटिनमचा शिक्का लागला, आणि पुढे तो बिलबोर्डच्या यादीत जे-झीचा, इतरांसोबतचे अल्बम धरून, चौदावा पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला. पश्चात्तापाचीही विक्री होते, आणि हा गडी विकण्यात पहिल्यापासून हुशार.

तरीही मला तो ढोंगी वाटत नाही. २०१७ च्याच नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे तेव्हाचे संपादक डीन बाके यांच्याशी बोलताना त्याने सांगितलं की तो मानसोपचारकाकडे जाऊ लागला होता. लहानपणी जगण्यासाठी भावनांची दारं लावून घेतली, ती पुढे उघडताच आली नाहीत. आणि दोघं मिळून आधीच गाणी करत बसली होती. तिची गाणी पुढे गेलेली होती म्हणून तिचा अल्बम आधी आला. म्हणजे आपल्याला सवाल-जवाब वाटला, तो त्यांच्या घरातला एकच लांबलेला संवाद होता. डिसेंबरात एका गाण्याचा व्हिडिओ आला, आवा दुव्हर्ने या दिग्दर्शिकेचा. त्यात जे-झी चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला जातो आणि जाळीपलीकडे ऐकायला बसलेली असते बियॉन्से.

जानेवारी २०१८ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला सर्वांत जास्त, म्हणजे आठ नामांकनं होती. बक्षीस एकही मिळालं नाही. न्यूयॉर्कमध्ये, स्वतःच्या गावात, रिकाम्या हाताने तो बायको-मुलीशेजारी बसून होता. पण खरा निकाल जाळीपलीकडे बसलेलीने द्यायचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये दोघांचा मिळून एक अल्बम आला, तेव्हा तो काय लागला हे जगाला कळलं.

मी स्वतः काय करतो? आमच्याकडे खवलेलं खोबरं पाकिटात मिळतं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. भांडण झालं की मी रात्री बायकोचा फोन चार्जिंगला लावतो. परवा मात्र, हा लेख डोक्यात असल्यामुळे असेल, चहा गाळता गाळता म्हणालो, "काल माझं चुकलं." तिने चमकून बघितलं आणि विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"

मग आईला फोन लावला. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. विचारलं, "बाबा भांडणानंतर नारळ खवायचे, तुला कळायचं का गं ते कशासाठी?"

"न कळायला काय झालं," आई म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे फार जोर लावायचे. पार करवंटीपर्यंत खवायचे. काळी पाठ उतरायची खोबऱ्यात. ती वेचत बसायला लागायचं मला."