नोंदी कपाटात राहू नयेत

‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ पाटण, कराड, चिपळूणच्या वाचकांना ही दोन ओळींची बातमी नवी नाही. रात्री मांडणीवरची भांडी खडखडतात, माणसे अंगणात येतात, थोडा वेळ थांबून पुन्हा आत जातात. सकाळी पेपरात तीव्रता आणि केंद्रबिंदूचे अंतर छापून येते आणि विषय मिटतो. ते अंतर काढणारी यंत्रे मात्र रात्रभर खोऱ्यात जागी असतात.

हिशेब तसा शाळकरी आहे. भूकंपाची पहिली लहर कठीण खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. एखाद्या केंद्रावर दोन्ही लहरींमध्ये एका सेकंदाचे अंतर पडले, तर धक्का साधारण ८ किलोमीटरवर झाला. एका केंद्राला अंतर कळते, दिशा ठरवायला आणखी केंद्रे लागतात. धक्का किती खोल होता हे तर जवळ एखादे केंद्र असेल तरच नीट कळते. म्हणून यंत्रांचे जाळे दाट हवे, आणि जवळचे केंद्र बंद पडले की दूरच्या दहा केंद्रांनी त्याची भरपाई होत नाही.

कोयनेत १९६२मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि थोड्याच काळात धक्के जाणवू लागले, सुरुंग उडाल्यासारखे आवाज येऊ लागले. त्यामुळे तिथे भूकंपमापक यंत्रे बसली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगर कोसळले. धरण उभे राहिले, पण त्याला आडवे तडे गेले.

हे तडे भिंतीत कुठेही पडले नव्हते. १०३ मीटर उंचीच्या या धरणाची पाठ खालून तिरकी चढत येते आणि तळापासून सुमारे ६६ मीटरवर तिचा उतार एकदम बदलून ती जवळजवळ उभी होते. त्या कोपराच्या आसपासच काँक्रीट फाटले. आराखडा करताना भूकंपाचे बळ भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के आणि तळापासून माथ्यापर्यंत सारखेच धरले होते. त्या काळची रीतच तशी होती. प्रत्यक्षात धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेला प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता. शिवाय उंच भिंतीचा माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलतो, ते गणितात आलेच नव्हते.

बर्कलीच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी तीच नोंद हाती घेतली. भिंतीचे संगणकात लहान लहान तुकडे पाडले, कोयनेत हलली तशी जमीन त्याखाली हलवली आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढला. १९७३मध्ये त्यांचा निबंध आला. काँक्रीटला न पेलणारा ताण त्या कोपराशीच येत होता. गणित आणि तडा एका जागी भेटले. काँक्रीटला तडा कसा जातो याची नवी पद्धत कुणी मांडली, की ती कोयनेवर पडताळून पाहण्याची रीत जगभर पडली आहे. गॅलरीत एक यंत्र चालू होते आणि त्याची नोंद सर्वांना मिळाली, म्हणून हे घडले.

किल्लारीच्या भूकंपात तसे झाले नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली नोंदच नाही. वर्षभर आधी तिथे लहान धक्के बसले होते, पण भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. दगडमातीच्या घरांखाली जमीन नेमकी किती हलली, हे अभ्यासकांना दूरच्या नोंदींवरून आणि पडझडीवरून मागाहून ताडावे लागले. हजारो माणसे गेल्यानंतरचा हा अंदाज आहे आणि त्यातली उणीव कितीही मोठ्या संगणकाने भरून निघणार नाही.

जमिनीखालची गोष्टही अशीच. कोयनेजवळ रासाटीला विंधण घेतले तेव्हा काळा पाषाण ९३३ मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा खडक लागला. मध्ये गाळाचे थर असतील ही शंका तिथे मिटली. पुढे गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडले गेले. लहरींचा वेग, खडकातला ताण, भेगांमधून मुरणारे पाणी, कोयनेच्या कोणत्याही प्रतिमानात घालायचे हे आकडे असे भोक पाडूनच थेट मोजता येतात.

धरण सुरक्षा कायदा, २०२१नुसार ३० मीटर व त्याहून उंच धरणांवर भूकंप नोंदवण्याचे केंद्र हवे. देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकावे आणि या नोंदी ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुल्या कराव्यात. लोक घाबरतील, हा आक्षेप कोयना खोऱ्याने कधीच खोडला आहे. धक्क्याची बातमी वाचून तिथली माणसे कामाला लागतात. सुरक्षेच्या कारणाने काही आराखडे राखून ठेवणे समजू शकते, पण जमीन किती हलली हे दडवण्याजोगे नाही. आणि नोंद अर्धवट नको. यंत्र धरणाच्या कोणत्या भागात, किती उंचीवर होते, त्या क्षणी जलाशयात पाणी किती होते आणि दोन आडव्या नोंदींपैकी प्रवाहाच्या दिशेची कोणती, हे सोबत लिहिलेले हवे. एवढे असले तर कराडच्या किंवा नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली विद्यार्थिनी आपल्याच तालुक्यातल्या धरणाचे तुकडे संगणकात पाडून ताण कुठे साचतो ते पाहू शकेल.