चाळीतला कांदा आणि नात्याचा रकाना

4 मे 2024 ला कांद्याची निर्यातबंदी उठली, तेव्हा आमच्या चाळीत उन्हाळ कांदा नुकताच भरून झाला होता. दादानं मोबाईलवरची बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली आणि लगेच खालची ओळही वाचली : टनाला किमान 550 डॉलर निर्यातमूल्य, वर 40 टक्के शुल्क. आई म्हणाली, "म्हणजे दार उघडलं आन् उंबऱ्यात धोंडा ठेवला." त्यानंतर नवव्या दिवशी, 13 मेला, शिर्डी लोकसभेचं मतदान होतं.

आमची जमीन राहाता तालुक्यात, तीन एकर. दादा ती कसतो. मी शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर चौदा वर्षं काम करतो. मी गे आहे. माझ्यासोबत सात वर्षं दोन खोल्यांत राहणारा माणूस येवल्याचा, पैठणीच्या मागावर वाढलेला. घरमालकाच्या लेखी आम्ही मित्र आहोत. आईला माहीत आहे, दादालाही बहुधा माहीत आहे. आईसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी या लेखावर माझं नाव घातलेलं नाही.

गे मतदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचा, इंग्रजी बोलणारा आणि एकाच प्रश्नावर मत देणारा तरुण उभा राहतो. राजकीय पक्षांच्याही डोळ्यांपुढे तोच असावा. त्यामुळे राहाता तालुक्यातल्या प्रचारात आमच्याशी पाण्यावर बोलतात, कांद्यावर बोलतात, विमानतळावर बोलतात, पण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखं कुणी असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. यादीत तृतीयपंथी मतदारांची निदान वेगळी मोजणी होते. समलिंगी मतदारांची होत नाही आणि व्हावी असंही मी म्हणत नाही. पण मोजलं नाही म्हणून माणूस नसतो असं नाही.

त्या 13 मेला मी मत कशावर दिलं, ते सांगतो. कोणाला दिलं, ते माझ्याजवळ राहू द्या.

पहिलं वजन कांद्याचं होतं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आलं आणि डिसेंबरात बंदीच आली. पुढे सरकारनं बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका अशा मोजक्या देशांना ठरावीक कोटा दिला. एप्रिलमध्ये गुजरातच्या 2 हजार टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात लोक संतापानं बोलत होते. कुठल्या शेजाऱ्याला किती टन द्यायचे हे दिल्ली ठरवत होती, आणि त्यावर आमच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ठरत होता. परराष्ट्र धोरण माझ्या घरात असं येतं, गोणीच्या भावातून. तेव्हा समलिंगी माणसाला देशाच्या मोठ्या प्रश्नांशी काय देणंघेणं, असं मला कुणी विचारू नये.

पण याच ठिकाणी माझा काटा दोन्हीकडे ओढला जातो. आमचा कांदा ज्या देशांत जातो, त्यातल्या बांगलादेशात 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतलं 377 कलम अजून आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला त्याचे दात काढले. अमिरातीत, मलेशियात माझ्यासारखा माणूस कायद्यानं गुन्हेगार ठरतो. म्हणून कांदा पाठवू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. तिकडच्या माणसालाही भाजीत कांदा लागतो आणि माझ्या आईला औषधाला पैसे लागतात. पण संयुक्त राष्ट्रांत हात वर करताना आपलं सरकार माझ्या नावानंही हात वर करतं, हे मला टोचतं. मार्च 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना लाभ देऊ नयेत, असा ठराव रशियानं आणला. तो हरला, पण भारताचं मत रशियाच्या बाजूनं पडलं होतं. जून 2016 मध्ये लैंगिक कलावरून होणाऱ्या हिंसेविरोधात स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. या दोन्ही मतांचा हिशेब मला कुठल्याही सभेत मिळाला नाही. मीही विचारला नाही, हेही खरं.

दुसरं वजन पाण्याचं. ऑक्टोबर 2023 माझ्या चांगला लक्षात आहे. 17 तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि समलिंगी जोडप्यांचं काय करायचं ते संसदेनं बघावं. लॉजच्या काउंटरखाली फोन धरून मी तो ऐकत होतो, समोर चेक-इनची रांग होती. त्यानंतर नऊ दिवसांनी, 26 तारखेला, पंतप्रधान शिर्डीत आले आणि निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. ज्या पाण्यासाठी इथल्या दोन पिढ्या भांडल्या, ते पाणी वाहताना बघून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला, आणि तो मनापासूनचा होता. नऊ दिवसांच्या अंतरानं मिळालेला नकार आणि आलेलं पाणी यांची वजाबाकी कशी करायची, ते मला त्या दिवशीही कळलं नाही.

लोक म्हणतात, हक्कांचे प्रश्न पोट भरलेल्यांचे. हे मला मुळीच मान्य नाही. माझे हक्क सातबाऱ्यात अडकलेले आहेत. उद्या मी गेलो तर माझ्या वाट्याची एक एकर माझ्या जोडीदाराला वारसाहक्कानं मिळणार नाही, कारण कायद्याच्या लेखी तो माझा कुणीच नाही. जिवंतपणी विकत देऊ म्हटलं तर तो शेतकरी खातेदार नाही, आणि अशाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. मी माझ्या जोडीदाराला घर द्यायचं ठरवलं तर बाजारमूल्यावर टक्केवारीनं भरावं लागेल. हा फरक रुपयांत मोजता येतो. मग हा प्रश्न अर्थकारणाचा नाही तर कशाचा आहे?

तीन वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं. रात्री दोन वाजता मी त्याला रुग्णालयात नेलं. संमतीच्या कागदावर नात्याचा रकाना होता. मी "मित्र" लिहिलं, आणि काउंटरवरच्या माणसानं कागद परत दिला. येवल्याहून त्याचा भाऊ येईपर्यंत अडीच तास गेले. तो वाचला. पण तो रकाना मी विसरलेलो नाही. रोज लॉजच्या रजिस्टरात मीच दुसऱ्यांची नाती भरून घेतो. तरुण मुलगा-मुलगी आली तर मालकाच्या सांगण्यावरून चार प्रश्न विचारतो. दोन पुरुष आले, तर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन चावी देतो. साईबाबांच्या दर्शनाला मित्र-मित्र येतातच. त्यांच्यातले कितीजण माझ्यासारखे असतील, याचा विचार करत मी शेजारतीनंतर हिशेब मिटवतो.

काहीच झालं नाही असंही मी म्हणणार नाही. लग्नाच्या निकालानंतर केंद्रानं समिती नेमली. 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच कुटुंबातला धरावं, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला द्यावा, अशी पत्रंही राज्यांना गेली. आम्ही खातं उघडलं. पासबुकावर दोन नावं पाहिली त्या दिवशी पेढे आणले. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, आणि पत्र म्हणजे कायदा नव्हे. पत्र तलाठ्याला माहीत नसलं की ते नसल्यासारखंच.

मग मत कुणाला द्यायचं? 2024 च्या जाहीरनाम्यात काँग्रेसनं व्यापक चर्चेनंतर समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू, असं लिहिलं होतं. भाजपच्या संकल्पपत्रात तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या गरिमा गृह या निवाऱ्यांचा विस्तार होता, आमच्यासारख्या जोडप्यांबद्दल काही नव्हतं. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण शिर्डीत मुख्य लढत दोन शिवसेनांची होती, भाऊसाहेब वाकचौरे विरुद्ध सदाशिव लोखंडे. ज्या पक्षानं लिहून दिलं होतं त्याचं चिन्ह माझ्या यंत्रावरच नव्हतं. त्या पक्षाच्या आघाडीतल्या शिवसेनेला मत म्हणजे त्या ओळीला मत, असं धरावं का? दोन रात्री मी हाच विचार केला. शेवटी बटण दाबताना माझ्या मनात चाळ होती. त्याची मला लाज वाटत नाही. पण एवढ्यावरून माझा दुसरा प्रश्न मिटला, असं कुणी धरून चालू नये. कांद्यावर मत दिलेला शेतकरी पाण्याचा हक्क सोडत नाही, तसाच मी माझा हक्क सोडलेला नाही.

आमच्या आमदारांकडे आणि राज्य सरकारकडे माझं मागणं छोटं आहे. लग्नाचा कायदा मुंबईत होणार नाही, हे मला कळतं. पण मुद्रांक शुल्काची सवलत राज्याच्या हातात आहे, ती नोंदवलेल्या जोडीदाराला द्या. रुग्णालयाच्या संमतीपत्रावर रुग्णानं आधी नेमलेल्या माणसाची सही चालेल, असा शासन निर्णय काढा. केंद्राची पत्रं मराठीत करून तलाठी, पुरवठा निरीक्षक आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचवा. तिजोरीवर याचा फार भार पडणार नाही.

2024 ला आम्ही दोघांनी एका आठवड्याच्या अंतरानं मतदान केलं. माझं 13 मेला गावातल्या शाळेत. त्याचं येवल्याला, म्हणजे दिंडोरी मतदारसंघात, 20 मेला. पहाटेच्या एसटीनं गेला, संध्याकाळी बोटाची शाई दाखवत आला. त्याच्या मतावर मागाच्या रेशमाचे भाव होते, माझ्या मतावर कांद्याचे.

आता आम्ही पत्ता बदलायचा अर्ज भरलाय, दोघांनीही, शिर्डीतल्या या दोन खोल्यांचा. यादीत त्याच्या नावासोबत त्याच्या वडिलांचं नाव आहे, माझ्या नावासोबत माझ्या वडिलांचं. मतदार यादीत प्रत्येक नावापुढे घर क्रमांक छापतात. पुढच्या यादीत आमच्या दोघांच्या नावांपुढे तो एकच असेल. प्रचाराला येणारा कार्यकर्ता ती यादी हातात घेऊन दारात उभा राहील आणि नेहमीप्रमाणे विचारेल, "घरात किती मतं?" मी त्याला सांगेन, दोन.