खिडकीची जागा कुणाची?

विमानात खिडकीशी कुणी बसायचं, हा प्रश्न आपल्या घरांत कुणी विचारतच नाही. जागा आपोआप मोबाइलवाल्या पोराकडे जाते आणि अम्मी मधल्या सीटवर बसते. माझं म्हणणं सरळ आहे: घरात ज्यानं जग सगळ्यात कमी पाहिलंय, खिडकी त्याची. आणि तीही योग्य बाजूची.

आपला परभणी जिल्हा बहुतेक सपाट. उत्तरेला जिंतूरकडचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूला बालाघाट, मधे काळी जमीन. इथल्या कितीतरी बायांचं आयुष्य कापूस वेचण्यात आणि चुलीपुढं गेलं. बर्फाचे डोंगर त्यांनी पाहिले ते टीव्हीवर. सुट्टीत काश्मीरला नेलं, तर हिमालय त्यांना पहिल्यांदा दिसेल तो विमानातूनच. त्या वेळी त्यांच्यापुढं दुसऱ्याचं डोकं नसावं.

बाजू ठरवायला शाळेतला नकाशा पुरतो. दिल्लीहून श्रीनगरला विमान उत्तर-वायव्येकडे जातं, म्हणजे हिमालय उजव्या हाताला. येताना डाव्या. दिल्लीहून बागडोगऱ्याला पूर्वेकडे जाताना डोंगर उत्तरेला, म्हणून डावी बाजू. हवा स्वच्छ असेल तर 8,586 मीटर उंचीचं कांचनगंगा शिखर त्याच बाजूला दिसतं. लेहला उतरताना मात्र दोन्ही बाजूंना डोंगरच. तीन-तीन सीटांच्या विमानात ‘ए’ म्हणजे डावी खिडकी, ‘एफ’ म्हणजे उजवी. मधल्या रांगांतून पंखच दिसतो, म्हणून पंखाच्या बरंच पुढं किंवा मागं बसावं. सकाळी ढग सहसा कमी असतात. श्रीनगर आणि लेहचे विमानतळ हवाई दलाचे आहेत. तिथं फोटो काढू नका म्हटलं की काढू नये.

हीच गोष्ट उमराहची. जिद्दाहला पूर्वेकडून येणारं विमान वाळवंट ओलांडून सरावात डोंगररांगेवर येतं. ताइफ याच डोंगरात, आणि करनुल मनाझिल हे मीकातही त्याच भागात. विमानात मीकातची घोषणा होते, नियत केली जाते, लब्बैक सुरू होतं. अशा वेळी खाली कोरडे, काळपट डोंगर दिसणं हा त्या सफरीचाच भाग आहे. सूरह गाशियात उंट, आकाश आणि जमिनीसोबत डोंगरांकडेही पाहायला सांगितलंय. ते काय फक्त पुरुषांसाठी आहे?

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला सारखं उठावं लागतं, गुडघे दुखतात, कडेचीच सीट बरी. खरं आहे. पण हे तिला विचारून ठरवा. दिल्ली-श्रीनगर दीड तासाच्या आसपासचा प्रवास. शेजारी घरचंच माणूस असेल तर उठून वाट द्यायला किती वेळ लागतो? सीट निवडायचे जास्तीचे पैसे पडतात हेही खरं. सहलीत शालींवर आपण त्याहून जास्त उडवतो. सगळ्यांसाठी जमत नसेल, तर एकच खिडकी घ्या.

सचखंड एक्स्प्रेसमध्ये खिडकीसाठी पोरं भांडतात, आणि आई म्हणते, “बसू दे त्याला.” वर्षानुवर्षं ती हेच म्हणत आलीय. विमानाचं तिकीट काढताना आता पोरांनी म्हणावं, “बसू दे तिला.”