ग्रेट ओशन रोडवर मुक्काम हवा

मेलबर्नला मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेल्या आईवडिलांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. मागे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे पिवळसर सुळके आणि पुढे वाऱ्याने डोळे बारीक झालेली मंडळी. हे ट्वेल्व्ह अपोसल्स. तिथवर समुद्राच्या कडेने नेणारा ग्रेट ओशन रोड टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत 243 किलोमीटरचा आहे. पहाटे उठून डबे भरायचे, सुळके गाठायचे आणि रात्री घरी परतायचे, असाच या सहलीचा बेत बहुतेक घरांत ठरतो. हा बेत मुळातच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या रस्त्याला किमान दोन मुक्काम द्यावेत. ते जमत नसेल तर सुळके खुशाल सोडावेत, पण रस्ता उरकू नये.

आधी साधा हिशोब करू. मेलबर्नहून किनाऱ्याने सुळक्यांपर्यंतचे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कुठेही न थांबता त्याला पाच तास लागतात. लॉर्न ते अपोलो बे हे जेमतेम 45 किलोमीटरसुद्धा तासभर खातात, कारण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये नुसती वळणे. परतताना कोलॅकवरून आतल्या रस्त्याने आले तरी तीन तास धरावे लागतात. म्हणजे आठ तास नुसते गाडीत. आपल्याकडची मंडळी बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत जातात आणि नेमका तेव्हा तिथे हिवाळा तोंडावर आलेला असतो. मेअखेरीस सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. साडेसातला निघून लॉर्नला चहा, अपोलो बेला जेवण आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी पाय मोकळे केले, की सुळक्यांपाशी पोहोचायला साडेतीन वाजतात. त्यानंतरचा परतीचा रस्ता बराचसा अंधारातला, आणि कांगारू व वॉलबी रस्त्यावर येण्याची हीच वेळ. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाच्या हाती तेव्हा स्टिअरिंग असते. हौसेच्या सहलीत हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

पण सुरक्षिततेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी या रस्त्याला केवळ वाट मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे 3000 सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात तो बांधला. गॅलिपोली आणि फ्रान्सच्या आघाड्यांवरून आलेल्या या माणसांना काम हवे होते आणि न परतलेल्या सोबत्यांसाठी स्मारकही. जीलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी पुढाकार घेतला, वर्गण्या जमवल्या. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी, राहायला तंबू आणि कामाला कुदळ, फावडे, हातगाडी, फार तर सुरुंगाची दारू. कड्याच्या पोटात बोटभर वाट कोरायची आणि मग ती गाडीपुरती रुंद करायची, असे ते काम तेरा वर्षे चालले. नोव्हेंबर 1932 मध्ये पूर्ण रस्ता खुला झाला, तेव्हा हिचकॉक हयात नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले होते. युद्धात पडलेल्यांचे जगातील सर्वांत मोठे स्मारक म्हणून या रस्त्याचे नाव घेतले जाते. 2011 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत त्याचा समावेश झाला. ईस्टर्न व्ह्यूजवळच्या लाकडी कमानीखाली गाड्या थांबतात, फोटो निघतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात. ही कमान कुणासाठी उभारली आणि 1983 च्या वणव्यात आधीची कमान जळाल्यावर ती पुन्हा का उभी केली, हे वाचायलाही घाईतल्या माणसाला फुरसत नसते. स्मारकाच्या दर्शनाला आपण असे धावत जात नाही.

सुळक्यांच्या अलीकडे-पलीकडेही पुष्कळ काही आहे. अपोलो बे सोडले की रस्ता समुद्रापासून दूर होऊन ऑटवेच्या जंगलात शिरतो. समुद्राच्या ओढीने निघालेले लोक इथे चुळबुळ करतात. वास्तविक छत्रीएवढ्या पानांचे वृक्षनेचे आणि त्यांच्यावर उंच गेलेली निलगिरीची झाडे पाहायला निवांत तासभर काढावा. केप ऑटवेचे दीपगृह 1848 पासूनचे. युरोपातून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या जहाजांना तिथे किंग बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून आत शिरावे लागे. 1878 च्या जून महिन्यात लॉक आर्ड नावाचे जहाज धुक्यात चुकले आणि सुळक्यांपासून काही मिनिटांवर असलेल्या मटनबर्ड बेटावर आदळले. जहाजावरच्या 54 जणांपैकी दोघेच वाचले : टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि इव्हा कार्मायकेल ही तरुणी. तिची हाक ऐकून तो पुन्हा पाण्यात शिरला आणि त्याने तिला जवळच्या कड्यांमधल्या चिमुकल्या पुळणीवर ओढून आणले. तिचे आईवडील आणि भावंडे मात्र त्याच रात्री बुडाली. आज पायऱ्या उतरून त्या पुळणीवर उभे राहता येते. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की लाटेचा आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. वर कड्यावर छोटेसे कब्रस्तान आहे. वसंत आणि उन्हाळ्यात संध्याकाळी समोरच्या बेटावर शिअरवॉटर पक्ष्यांचे थवेच्या थवे समुद्रावरून घरट्यांकडे परततात. ते उजेड सरल्यावर येतात, म्हणजे मेलबर्नच्या बसगाड्या निघून गेल्यावर.

यावर पहिला आक्षेप सुट्टीचा असतो. मुलांना रजा नसते, हे खरे आहे. पण आईवडील तिथे महिनोन्‌महिने असतात आणि शनिवार-रविवार दर आठवड्याला येतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून टॉर्कीला किंवा लॉर्नला पोहोचले आणि शनिवारी पोर्ट कॅम्पबेलला राहिले, तर एकही रजा न टाकता दोन मुक्काम होतात. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो हलका नाही. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर चढतात. पण त्याच महिन्यांत गर्दी आणि वणव्याची भीतीही असते. 2015 च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीकमधली शंभराहून अधिक घरे जळाली. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो : खोल्या तुलनेने स्वस्त, पक्षी आलेले आणि सूर्य आठच्या सुमारास मावळणारा. शिवाय मुक्कामाचा पैसा किनाऱ्यावरच्या गावांना मिळतो; एरवी गर्दीचा ताण त्यांनी सोसायचा आणि कमाई शहरात जायची, असे होते.

तिसरा आक्षेप असा की वडीलधाऱ्यांसाठी बस बरी, परक्या देशात गाडी कशाला. खरे तर वडीलधाऱ्यांनाच बारा-तेरा तासांचा दिवस सर्वाधिक जड जातो. गाडी चालवणारे घरात कुणीच नसेल, तर वॉर्नम्बूलपर्यंत रेल्वे आहे आणि जीलाँगहून अपोलो बेपर्यंत किनाऱ्याने सरकारी बस जाते. स्वतः गाडी चालवणाऱ्यांना तिथे आपल्यासारखेच डावीकडून जायचे असते, ही मोठी सोय आहे. पर्यटकाला इंग्रजीत असलेला आपला चालू परवाना चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, भाड्याची गाडी घेताना तो उपयोगी पडतो. टॉर्कीहून पश्चिमेकडेच जावे, म्हणजे समुद्र आपल्या डाव्या हाताला राहतो आणि थांबायच्या जागी समोरची वाहने ओलांडावी लागत नाहीत. मागे रांग लागली की बाजूच्या पट्टीत घेऊन इतरांना पुढे जाऊ द्यावे. मागच्या सीटवरही पट्टा बांधावा, लहान मुलांसाठी वेगळी सीट घ्यावी. अंधाराआधी मुक्काम गाठावा.

आणि खरोखरच एकच दिवस हाताशी असेल, तर लॉर्नपर्यंत जाऊन परत फिरा. एअरीज इनलेटचे दीपगृह पाहा, कमानीपाशी अर्धा तास थांबा, दुपारी पुळणीवर बसा. सुळके पुढच्या खेपेला पाहा, मात्र ती खेप फार लांबवू नका. ते सुळके कायमचे नाहीत. जानेवारी 1990 मध्ये जवळच्याच लंडन ब्रिज नावाच्या नैसर्गिक दगडी पुलाची एक कमान कोसळली आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. अपोसल्समधला एक सुळका जुलै 2005 मध्ये पडला. नावात बारा असले, तरी आता आठच उरले आहेत.