विज्ञानवार्ता : कांचेंतून जाणारा क्षण

कांच पारदर्शक आहे, म्हणून ती प्रकाशाला जसाच्या तसा जाऊं देते, असा आपला समज असतो. चष्म्यापुरता तो पुरेसा आहे. परंतु प्रकाशाचा स्पंद अत्यल्प काळाचा असला म्हणजे तो टिकत नाहीं.

सेकंदाचे दहा लक्ष भाग करावे, त्यांतील एकाचे पुनः शंभर कोटी भाग करावे, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. १० फेम्टोसेकंदांचा स्पंद एका रंगाचा असूं शकत नाहीं. त्यासाठीं अनेक रंगांच्या लहरी एकत्र याव्या लागतात. दिंडीप्रमाणें सर्वांचें पाऊल एकदम पडलें तरच तो आंखूड राहतो. कांचेंत मात्र तांबडा रंग पुढें सरतो व निळा मागें रेंगाळतो. ८०० नॅनोमीटर लहरलांबीचा असा स्पंद १ सेंटिमीटर सिलिका-कांचेंतून गेला, तर सुमारें १०० फेम्टोसेकंदांचा होऊन बाहेर पडतो.

यावर उपाय आहे. १९६९ सालीं ट्रीसी यांनीं दाखविल्याप्रमाणें दोन विवर्तन-जालकें समोरासमोर मांडलीं, कीं तांबड्याला लांबचा मार्ग पडतो व निळा त्यास गांठतो. परंतु रंगारंगांतील अंतर सारख्या प्रमाणांत वाढत नसतें. हेंच तृतीय क्रमाचें अपस्करण. त्यामुळें मधले रंग वेळेवर पोहोंचतात, आणि दोन्ही टोकांचे रंग उशिरा, पण एकमेकांबरोबर येतात. त्यांच्या संगमानें मुख्य स्पंदामागें उपस्पंदांची रांग लागते. जालकें हा दोष कमी न करतां वाढवितात. लोलकांच्या जोड्या तो उलट दिशेस नेतात. १९८७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत फोर्क, ब्रिटो क्रूझ, बेकर व शँक यांनीं दोहोंचा मेळ घालून ६ फेम्टोसेकंदांचा स्पंद मिळविला.

इतका खटाटोप कशासाठीं? रेणूंतील बंध तुटतांना पाहण्याचें काम अशाच स्पंदांनीं होतें. आयोडीन सायनाइडचा बंध सुमारें २०० फेम्टोसेकंदांत तुटतो, असें अहमद झेवेल यांच्या प्रयोगांत दिसलें; अशा संशोधनाबद्दल त्यांना १९९९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. स्पंद पसरला तर चित्र पुसट होतें, आणि पाहणारा निदान सावध होतो. उपस्पंद राहिला, तर एकदां घडलेल्या घटनेची साक्ष दोनदां निघते, आणि तीही स्पष्ट शब्दांत! पुसट साक्षीपेक्षां ही खोटी साक्ष अधिक घातक. म्हणून हा बारीक हिशेब चुकवितां येत नाहीं.