रायपूरहून कर्लिंगच्या बर्फापर्यंत : वाट नेमकी कुठे अडते?

रायपूर : उष्ण देशाने हिवाळी खेळांच्या नादी लागू नये, असे मानणाऱ्यांना १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनमधील हार्बिन येथे चोख उत्तर मिळाले. आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धेतील पुरुषांच्या कर्लिंगच्या अंतिम सामन्यात फिलिपिन्सने बलाढ्य दक्षिण कोरियाला ५-३ असे नमविले. बारा महिने दमट उन्हाळा असलेल्या या द्वीपराष्ट्राचे या स्पर्धेतील ते पहिलेच पदक होते आणि तेही सुवर्ण. त्याच स्पर्धेत भारताचे ५९ खेळाडूंचे पथक होते, परंतु ते पदकाविना परतले.

या निकालाकडे छत्तीसगडच्या राजधानीतून पाहिले, तर एक प्रश्न उभा राहतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जाणाऱ्या, पोलाद आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रायपूरमधील एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला वा मुलीला कर्लिंग खेळावेसे वाटले, तर जागतिक स्पर्धेपर्यंतची वाट कोणती? ती नेमकी कुठे अडते? उत्तर शोधताना हवामानाचा अडथळा वाटतो तेवढा मोठा राहत नाही. त्यामागे दडलेले इतर अडथळे मात्र ठळक होत जातात.

कॅरमच्या जवळचा खेळ

कर्लिंग समजण्यासाठी भारतीय मुलाला फार दूर जावे लागत नाही. सुमारे ४५ मीटर लांब आणि पाच मीटरपर्यंत रुंद अशा बर्फाच्या पट्टीवर ग्रॅनाइटचा दगड सरकवत समोरच्या लक्ष्यवर्तुळात पोहोचवायचा, जमल्यास प्रतिस्पर्ध्याचा दगड बाहेर काढायचा आणि आपला राखायचा. एका दगडाचे वजन १७ ते २० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. कॅरममधील कोन, टिचकीचा अंदाज आणि सोंगटी अडवून ठेवण्याची युक्ती यांचेच हे मोठे रूप आहे. फरक असा की, येथे सहकारी ब्रशने बर्फ घासून दगडाचा वेग आणि वळण सांभाळतात. पट्टीवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठविलेले असतात. या खडबडीत कणांवरूनच दगड सरकतो आणि वळतो.

या खेळात वयाची अटही शिथिल आहे. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या सुवर्णविजेत्या संघातील रस हॉवर्ड ५० वर्षांचे होते. त्यामुळे जिम्नॅस्टिक्सप्रमाणे सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात केली नाही म्हणून दार बंद होत नाही. मात्र दगड कोणत्या जोराने सोडावा, याचा अंदाज हजारो वेळा तो सोडल्याशिवाय येत नाही. हे तास बर्फावरच घालवावे लागतात.

फिलिपिन्सचा मार्ग भारताला का बंद?

फिलिपिन्सच्या यशाचे रहस्य मनिलात नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये आहे. मार्क आणि एन्रिको फिस्टर हे बंधू, तसेच ख्रिश्चन हॅलर आणि ॲलन फ्राय हे फिलिपिनो वंशाचे खेळाडू स्विस कर्लिंगच्या मुशीत तयार झाले. बेंजो डेलार्मेंटे अमेरिकेतून संघात आले. आई किंवा वडील फिलिपिनो असल्यास अपत्याला नागरिकत्व देण्याची तरतूद त्या देशाच्या १९८७ च्या राज्यघटनेत आहे. २००३ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वाचा मार्गही मोकळा केला. परिणामी, परदेशात घडलेले कौशल्य मायदेशाच्या नावावर जमा होऊ शकले.

भारताला हा मार्ग जवळजवळ बंद आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. २००८ पासून केंद्र सरकारच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पारपत्रधारकांनाच स्थान मिळते. कॅनडात वाढलेल्या, तेथील नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या कर्लरला भारताकडून खेळायचे असेल, तर आधी ते नागरिकत्व सोडावे लागेल. एका हौशी खेळासाठी इतका मोठा त्याग किती जण करतील, हे सांगण्याची गरज नाही. या धोरणाच्या बाजूने आणि विरोधातही युक्तिवाद आहेत. पण त्याचा सरळ अर्थ असा की, भारताला आपले कर्लर बहुतांशी भारतातच घडवावे लागतील.

फिलिपिन्सच्या मार्गाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. आशियाई सुवर्णपदकानंतरही हा संघ मिलानो-कोर्टिना ऑलिंपिकच्या दहा संघांत पोहोचू शकला नाही. त्या दहांत कॅनडा, स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, चीन अशा थंडी आणि बर्फ दोन्ही पाचवीला पुजलेल्या देशांचाच भरणा होता.

एक हिमाद्री, दोन रायपूर

भारतात बर्फ आहे, पण तो कुठे आणि किती दिवस, हा कळीचा मुद्दा आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्ग आणि पुढे लेह येथे भरत आली आहे. २०२५ च्या स्पर्धेत स्कीइंग, स्नोबोर्डिंग, स्की पर्वतारोहण, आइस हॉकी आणि आइस स्केटिंग होते, कर्लिंग नव्हते. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही त्याला जागा नाही. भारताचा पुरुष संघ अलीकडे पॅन-कॉन्टिनेंटल स्पर्धेच्या ब गटात उतरू लागला आहे, एवढीच जमेची बाजू.

आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त बर्फाची धावपट्टी देशात आहे ती डेहराडूनमध्ये, आणि योगायोग असा की तो परिसरही रायपूर नावानेच ओळखला जातो. तेथील महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयात २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी ‘हिमाद्री’ उभारण्यात आली. स्पर्धा संपली आणि विजेचा, देखभालीचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नावर ती वर्षानुवर्षे बंद राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तेथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धा झाली. उन्हाळ्यात दून खोऱ्यातही पारा ३५ अंशांपलीकडे जातो. तेथे बर्फ टिकतो तो यंत्रांच्या बळावर, थंडीच्या नव्हे.

यातून निघणारा धडा छत्तीसगडलाही लागू होतो. बर्फाची धावपट्टी ही तत्त्वतः शीतगृहाचीच बहीण आहे. जमिनीखालच्या नळ्यांतून अतिथंड द्रव फिरवला की वरचे पाणी गोठते. कोळसा आणि वीज यांचे आगर असलेल्या राज्याला हे तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी वीजबिल भरत राहणे. हॉकीचे मैदान महिनाभर बंद राहिले तरी ते मैदानच राहते. बर्फाची यंत्रे थांबली की मात्र दोन दिवसांत उरते ते केवळ पाणी.

रांची आणि राजनांदगावचा दाखला

अपरिचित खेळ मध्य भारतात रुजतच नाही, हा आक्षेप टिकत नाही. शेजारच्या झारखंडमध्ये २०११ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी रांचीजवळ नामकुम येथे लॉन बोलचे हिरवे मैदान तयार झाले. हा खेळ कर्लिंगचा जवळचा नातेवाईक. वळणारा चेंडू घरंगळवत लक्ष्याच्या जवळ नेण्याचा. स्पर्धा संपल्यावरही ते मैदान राहिले आणि ॲथलेटिक्स, कबड्डी यांसारखे खेळ सोडून आलेल्या मुली तेथे घडल्या. २ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांच्या चौकडीने दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्ण जिंकले. चौघींपैकी लव्हली चौबे आणि रूपा राणी तिर्की या दोघी झारखंडच्या. त्याआधी देशात हा खेळ किती जणांना ठाऊक होता?

छत्तीसगडचा स्वतःचा दाखला महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या राजनांदगावचा. तेथील हॉकीच्या परंपरेतून आलेली रेणुका यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. रायपूरने २०१५ मध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी भरवली, त्यात भारताने कांस्यपदक पटकावले. रोज खेळता येईल असे मैदान जवळ असले, तर खेळाडू येतात, हेच या उदाहरणांतून दिसते.

पहिले पाऊल बर्फाविना

रायपूरमध्ये उद्या बर्फाची धावपट्टी उभी राहणे शक्य दिसत नाही. मात्र चाकांवर वा बॉल बेअरिंगवर सरकणाऱ्या दगडांनी शाळेच्या सभागृहातील गुळगुळीत फरशीवर खेळले जाणारे फ्लोअर कर्लिंग थंड देशांतील शाळांतही चालते. त्यातून कोन, डावपेच आणि संघभावना शिकता येते, जोराचा अंदाज मात्र नाही. त्यासाठी वर्षातून ठरावीक आठवडे डेहराडूनला शिबिरे भरवता येतील. एक पुरुष व एक महिला अशा दोघांचाच संघ लागणारा मिश्र दुहेरी प्रकार २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. चार खेळाडूंच्या संघाचा प्रवासखर्च न पेलणाऱ्या देशासाठी तो अधिक सोयीचा आहे.

याचा भार शेवटी कुटुंबावर पडतो. हजार किलोमीटरहून दूर असलेल्या शिबिराचे भाडे, सरकत्या तळव्याचे विशेष बूट, परदेशातील स्पर्धांचा खर्च आणि त्या बदल्यात राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्रही नाही, म्हणजे नोकरीतील क्रीडा आरक्षणाचा आधारही नाही. अशा स्थितीत मध्यमवर्गीय पालक मुलाला क्रिकेट अकादमीत घालतात, यात नवल नाही. खेळाला खेलो इंडियाच्या यादीत प्रात्यक्षिक स्वरूपात जरी स्थान मिळाले, तरी हे गणित बदलू शकते.

हार्बिनच्या सुवर्णाने भारतापुढे दोन पर्याय ठेवले आहेत. नागरिकत्वाचे नियम सैल करून परदेशात घडलेले खेळाडू आणायचे, किंवा डेहराडूनची यंत्रे अखंड चालू ठेवून देशात खेळाडू घडवायचे. पहिल्याने पदक लवकर येऊ शकते. दुसऱ्याला दहा वर्षे लागतील, पण रायपूरच्या मुलाला दगड हातात घेण्याची संधी त्यातूनच मिळेल.